रसायनाचार्य प्रफुल्लचंद्र राय

लिंबाच्या रसात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला असता तो रस फसफसून वर येतो. काही क्षणांनी फेस ओसरतो. मग तो रस चाखून पाहिला, तर त्याचा आंबटपणा बराच उणा झालेला आढळतो. असे का व्हावे? लिंबाच्या रसात आम्ल असते, आणि सोडा हा आम्लाच्या अगदी उलट गुणाचा पदार्थ आहे. अशा उलट गुणाच्या पदार्थांस रसायनशास्त्रात आम्लारी म्हणतात. आम्ल आणि आम्लारी योग्य प्रमाणात एकत्र आली, म्हणजे दोघांचीही तीव्रता नाहीशी होते, आणि त्यांच्या संयोगातून क्षार नावाचा तिसराच पदार्थ व पाणी निर्माण होते. या क्रियेस उदासिनीकरण असे नाव आहे.

आपल्या नित्याच्या व्यवहारात ही क्रिया ठिकठिकाणी घडत असते. पोटात आम्ल वाढून जळजळ होऊ लागली, म्हणजे डॉक्टर जे औषध देतात, त्यात बहुधा एखादी सौम्य आम्लारी असते. शेतातील माती फार आम्लधर्मी झाली, तर तीत चुन्याची भुकटी मिसळतात. कारखान्यातून बाहेर पडणारे आम्लयुक्त पाणी नदीत सोडण्यापूर्वी चुना घालून त्याची आम्लता घालवावी लागते. काळवंडलेले तांब्याचे भांडे चिंचेने घासले, की चिंचेतील आम्ल तांब्यावर चढलेल्या पुटाशी संयोग पावते व भांडे लखलखू लागते. पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला हळदीचा डाग साबण लावताच तांबडा होतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. साबणातील आम्लारीचा तो परिणाम होय. त्याच डागावर लिंबू पिळले, तर तो पुन्हा पिवळा होतो.

ही क्रिया तशी साधी. परंतु तिचे ज्ञान पुस्तकात न ठेवता त्यातून लोकांसाठी औषध निर्माण करावे, देशातील टाकाऊ वस्तू उपयोगात आणाव्या आणि सुशिक्षित तरुणांना पोटापाण्याचा नवा मार्ग दाखवावा, असे कलकत्त्यातील एका प्राध्यापकाच्या मनाने घेतले. 1892 च्या सुमारास आपल्या भाड्याच्या घरातच त्यांनी एक छोटासा कारखाना उभा केला. ते प्राध्यापक म्हणजे आचार्य प्रफुल्लचंद्र राय.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म 2 ऑगस्ट 1861 रोजी बंगालमध्ये कपोताक्ष नदीच्या तीरावरील राडुली या खेड्यात झाला. हे गाव आज बांगलादेशाच्या खुलना जिल्ह्यात आहे. त्यांचे वडील हरिश्चंद्र राय हे सुखवस्तू जमीनदार होते. त्यांना विद्येची मोठी आवड होती. घरी त्यांनी उत्तम ग्रंथसंग्रह केला होता आणि गावात मुलांसाठी शाळाही काढली होती. प्रफुल्लचंद्रांच्या आईचे नाव भुवनमोहिनी. मुलांच्या शिक्षणाची नीट सोय व्हावी, म्हणून 1870 मध्ये हे कुटुंब कलकत्त्यास येऊन राहिले. तेथे प्रफुल्लचंद्र हेअर स्कूल या नामांकित शाळेत जाऊ लागले.

शाळेत तीन-चार वर्षे झाली नाहीत तोच एक मोठे संकट ओढवले. 1874 मध्ये त्यांना अतिसाराचा विकार जडला. दुखणे इतके विकोपास गेले, की शाळा सोडून त्यांस गावी परतावे लागले. सुमारे दोन वर्षे अशी गेली. दुखणे बरे झाले, तरी पोट कायमचे नाजूक झाले. पुढे आयुष्यभर त्यांना मोजके व साधे अन्न घ्यावे लागले. दुसरा एखादा मुलगा अशा वेळी खचून गेला असता. प्रफुल्लचंद्रांनी मात्र वडिलांच्या ग्रंथालयाचा आसरा घेतला. इतिहास, थोर पुरुषांची चरित्रे आणि इंग्रजी वाङ्मय यांचे त्यांनी मनसोक्त वाचन केले. शाळेने नेमलेली पुस्तके दूर राहिल्यामुळे स्वतःच्या आवडीने शिकण्याची सवय त्यांच्या अंगी बाणली. पुढे अल्बर्ट स्कूलमध्ये शिकून 1879 मध्ये ते प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले.

या सुमारास वडिलांची आर्थिक स्थिती खालावत चालली होती. म्हणून प्रफुल्लचंद्रांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन संस्थेत नाव घातले. कारण तेथील फी थोडी होती. परंतु तेथे विज्ञानाची प्रयोगशाळा नव्हती. रसायनशास्त्राची व्याख्याने ऐकण्यासाठी ते प्रेसिडेन्सी कॉलेजात जात. तेथील प्राध्यापक पेडलर हे वर्गात सुंदर प्रयोग करून दाखवीत. ते पाहून तरुण प्रफुल्लचंद्रांना या शास्त्राची गोडी लागली. एका सहाध्यायाच्या बिऱ्हाडी त्यांनी लहानशी प्रयोगशाळा थाटली. एकदा तेथे घरगुती साधनांनी प्रयोग करीत असता मोठा स्फोट झाला! सुदैवाने दोघेही मित्र बचावले. या प्रसंगाने त्यांची हौस मात्र यत्किंचितही कमी झाली नाही.

वडिलांना मुलास विलायतेस पाठवण्याची फार इच्छा होती. पण तेवढा पैसा आता उरला नव्हता. तेव्हा प्रफुल्लचंद्रांनी गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी सुरू केली. ही परीक्षा अतिशय कठीण समजली जाई. घरातील मंडळींखेरीज फारशा कोणास न कळवता त्यांनी अभ्यास केला आणि 1882 मध्ये यश मिळवले. त्या वर्षी हा मान भारतातील दोघांनाच मिळाला; दुसरा विद्यार्थी मुंबईचा एक पारशी तरुण होता. त्याच वर्षी प्रफुल्लचंद्र समुद्रमार्गे इंग्लंडला गेले आणि स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठात दाखल झाले.

एडिंबरो येथे क्रम ब्राउन हे रसायनशास्त्राचे नामवंत अध्यापक होते. त्यांच्या हाताखाली प्रफुल्लचंद्रांनी पदवी संपादन केली. नंतर गंधकाम्लापासून होणाऱ्या जोडक्षारांचा त्यांनी कसून अभ्यास केला, आणि या संशोधनाबद्दल विद्यापीठाने 1887 मध्ये त्यांस डॉक्टर ऑफ सायन्स ही श्रेष्ठ पदवी दिली. तेथील रसायन मंडळाचे उपाध्यक्षपदही त्यांना लाभले. परक्या देशात त्यांचे इतके कौतुक झाले. परंतु त्यांचे चित्त मायदेशाकडे लागले होते. 1888 मध्ये ते कलकत्त्यास परत आले.

परत आल्यावर जवळजवळ वर्षभर त्यांना नोकरी मिळाली नाही. त्या दिवसांत त्यांचे मित्र जगदीशचंद्र बोस यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. अखेर 1889 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा 250 रुपयांवर साहाय्यक प्राध्यापकाची जागा मिळाली. तेवढीच विद्या असलेल्या इंग्रज अध्यापकांना सरकार वरच्या श्रेणीत नेमीत असे व पुष्कळ अधिक वेतन देत असे. हा अन्याय प्रफुल्लचंद्रांना खुपला. त्यांनी शिक्षणखात्याच्या प्रमुखाकडे गाऱ्हाणे नेले. पण त्याचा उपयोग झाला नाही. तथापि कुढत बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. हाती आलेले काम त्यांनी मन लावून आरंभले.

वर्गात शिकवताना एक गोष्ट त्यांना सारखी जाणवे. पुष्कळसे पदवीधर तरुण सरकारी कचेरीतील कारकुनीच्या मागे धावत होते. व्यापार व कारखानदारी ही कामे आपल्याला शोभणारी नव्हेत, अशी सुशिक्षितांची समजूत झाली होती. दुसरीकडे औषधे व रासायनिक पदार्थ परदेशांतून जहाजे भरभरून येत होते. त्यांपैकी कितीतरी पदार्थांचा कच्चा माल भारतातच विपुल होता. आपण विद्यार्थ्यांना आम्ले, आम्लारी आणि क्षार यांचे गुणधर्म घोकून घ्यायला सांगतो. पण त्या ज्ञानाने एका तरी माणसास काम मिळते काय, असा प्रश्न त्यांना पडला. मग नुसता उपदेश न करता स्वतःच हे काम करून दाखवण्याचा त्यांनी निश्चय केला.

प्रथम त्यांचे लक्ष लिंबांकडे गेले. लिंबाच्या रसात खडूची पूड मिसळली, की त्यातील आम्ल चुन्याशी संयोग पावून त्याचा साका तळाशी बसतो. त्या साक्यावर गंधकाम्लाची क्रिया केली असता शुद्ध सायट्रिक आम्ल मोकळे होते. प्रफुल्लचंद्रांनी गावाकडे लिंबे विकत घेऊन हा प्रयोग करून पाहिला. आम्ल मिळाले, परंतु लिंबे पुरेशी स्वस्त नव्हती, त्यामुळे व्यवहार परवडेना. नंतर त्यांनी सज्जीमातीकडे मोहरा वळवला. या खारट मातीपासून धुण्याचा सोडा काढता येतो. पण विलायतेच्या मोठ्या कारखान्यांतून येणारा सोडा इतका स्वस्त मिळत होता, की त्याच्याशी स्पर्धा करणे अशक्य होते. दोन प्रयत्न असे वाया गेले. प्रयोगशाळेत साधलेली गोष्ट बाजारातही साधेल असे नाही. मालाची किंमत व पुरवठा यांचाही विचार करावा लागतो, हा धडा त्यांना मिळाला.

विचार करता करता एक वस्तू त्यांच्या डोळ्यांपुढे आली. ती वस्तू म्हणजे जनावरांची हाडे. कलकत्त्याच्या खाटीकखान्यांजवळ हाडांचे ढीग पडलेले असत. ती कवडीमोलाने मिळत. हाडांत कॅल्शियम फॉस्फेट नावाचा पदार्थ भरपूर असतो आणि त्यापासून सोडियम फॉस्फेट हा औषधी क्षार बनवता येतो. परंतु हाडांना हात लावणे हे त्या काळच्या सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांत बसणारे नव्हते. प्रफुल्लचंद्रांनी या गोष्टीची पर्वा केली नाही. त्यांनी कित्येक पोती हाडे विकत आणवली आणि अप्पर सर्क्युलर रोडवरील आपल्या घराच्या गच्चीवर वाळत घातली.

हिवाळ्याचे दिवस होते. ऊन चांगले पडत होते. परंतु दैवाने भलताच खेळ मांडला. जानेवारीत सहसा न येणारा पाऊस त्या वर्षी आला आणि पुष्कळ दिवस पडत राहिला. हाडांना चिकटलेले मांस कुजू लागले. त्यात किडे पडले. कावळ्यांचे थवे गच्चीवर उतरू लागले आणि चोचीत धरलेले तुकडे शेजाऱ्यांच्या घरांवर व अंगणांत टाकू लागले! शेजारची मंडळी मोठी धर्मनिष्ठ होती. त्यांच्या संतापास पारावार राहिला नाही. हाडे ताबडतोब हलवली नाहीत, तर नगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे तक्रार करू, अशी तंबी त्यांनी दिली.

शेजाऱ्यांचा राग अगदीच अवाजवी नव्हता, हे प्रफुल्लचंद्रांनाही कळत होते. त्यांनी धावपळ करून माणिकतळा भागात एक मोकळी जागा मिळवली. हाडे तेथे नेऊन विटांच्या भट्टीसारखी रचली आणि रात्रीच्या वेळी त्यांना आग लावली. ज्वाळा उंच चढल्या. गस्तीवरच्या पोलिसाने त्या पाहिल्या आणि कोणाचा तरी खून करून प्रेत येथे गुपचूप जाळले जात आहे, अशा संशयाने तो धावत आला. राखेत केवळ जनावरांची हाडे आहेत, अशी त्याची खात्री पटवून द्यावी लागली. एवढ्या अडचणींतून प्रफुल्लचंद्रांच्या हाती आली ती पांढरी राख!

आता खरे रसायनशास्त्राचे काम सुरू झाले. त्या राखेवर पातळ केलेल्या गंधकाम्लाची क्रिया केली असता राखेतील चुन्याचा मोठा भाग साका होऊन वेगळा झाला आणि वर आम्लधर्मी द्रावण राहिले. ते द्रावण गाळून घेऊन त्यात धुण्याच्या सोड्याचे पाणी थोडेथोडे घालण्यात आले. लिंबाच्या रसात सोडा टाकल्यावर जसा फेस येतो, तसाच फेस येथेही उसळला. फेस येणे थांबले, आम्लाचा तीव्रपणा गेला, तेव्हा द्रावण पुन्हा गाळून आटवले. थंड झाल्यावर त्यातून सोडियम फॉस्फेटचे पांढरे स्वच्छ स्फटिक बाहेर पडले. ज्या हाडांच्या दुर्गंधीने आळीतील लोक नाक दाबून धरीत होते, त्यांतूनच औषधाच्या बाटलीत भरण्याजोगा निर्मळ क्षार तयार झाला.

हीच गोष्ट ते आपल्या विद्यार्थ्यांना वर्गात मोठ्या खुबीने समजावून सांगत. जळालेल्या हाडाची राख ते चिमूटभर हाती घेत. ती कोणत्या प्राण्याची, हे आता कोणास सांगता येणार नाही. ते केवळ एक शुद्ध रासायनिक द्रव्य आहे, असे ते म्हणत आणि ती राख खुशाल तोंडात टाकून चघळत. मुले आश्चर्याने पाहत राहत. एखादी वस्तू पवित्र की अपवित्र हे ठरवण्यापूर्वी ती मुळात काय आहे याचा शोध घ्यावा, हा संस्कार त्या चिमूटभर राखेने मुलांच्या मनावर होई.

प्रफुल्लचंद्रांच्या या कारखान्याचे नाव बेंगॉल केमिकल वर्क्स असे होते. भांडवल म्हणजे पगारातून शिलकीत टाकलेले अवघे सात-आठशे रुपये. दिवसा कॉलेजात शिकवावे, सायंकाळी घरी येऊन औषधांच्या खटपटीस लागावे, असा त्यांचा क्रम असे. माल तयार झाला, तरी तो खपेना. औषधविक्रेत्यांचा देशी मालावर विश्वास नव्हता. गिऱ्हाईक विलायती नाव पाहूनच औषध घेते, असे ते सांगत. अशा वेळी डॉ. अमूल्यचरण बोस हे त्यांच्या मदतीस आले. त्यांनी आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना ही औषधे वापरून पाहावयास लावले. ओवा, अडुळसा यांसारख्या घरगुती वनस्पतींपासूनही औषधे तयार होऊ लागली. माल चोख आहे, असा अनुभव आल्यावर हळूहळू मागणी वाढली. परंतु सुख फार दिवस टिकले नाही. 1898 मध्ये कलकत्त्यात प्लेगची साथ आली आणि तीत अमूल्यचरण दगावले. जिवाभावाचा सहकारी गेल्याने प्रफुल्लचंद्रांवर दुःखाचा डोंगर कोसळला. कारखाना मोडतो की काय, अशी वेळ आली. पण त्यांनी धीर सोडला नाही.

1901 मध्ये या उद्योगाचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. पुढे माणिकतळा येथे प्रशस्त जागी मोठा कारखाना उभा राहिला. 1903 मध्ये राजशेखर बसू हे रसायनशास्त्राचे पदवीधर तेथे कामास लागले आणि त्यांनी अनेक वर्षे व्यवस्थापनाची धुरा वाहिली. हेच राजशेखर पुढे परशुराम या नावाने बंगालीतील श्रेष्ठ विनोदी लेखक म्हणून प्रसिद्धीस आले. कारखान्याच्या शाखा वाढल्या. 1938 मध्ये मुंबईतही एक शाखा निघाली. कंपनीच्या लौकिकाचा फायदा प्रफुल्लचंद्रांनी स्वतःसाठी घेतला नाही. हा उद्योग त्यांना देशाचा वाटे. आपण त्याचे विश्वस्त आहोत, अशी त्यांची भावना होती.

कारखान्याच्या व्यापातही त्यांचे संशोधन चालूच होते. बाजारात मिळणारे तूप व मोहरीचे तेल यांत भेसळ होत असे. ती ओळखण्यासाठी त्यांनी सुमारे तीन वर्षे चिकाटीने तपासणी करून आपले निष्कर्ष 1894 मध्ये प्रसिद्ध केले. 1896 मध्ये त्यांच्या हातून एक महत्त्वाचा शोध लागला. पाऱ्यावर पातळ नत्राम्लाची क्रिया होत असता भांड्यात पिवळे स्फटिक जमलेले त्यांना दिसले. दुसऱ्या कोणी त्यांकडे दुर्लक्ष केले असते. परंतु प्रफुल्लचंद्रांनी त्यांची कसून परीक्षा केली. तो मर्क्युरस नायट्राइट नावाचा नवा पदार्थ असल्याचे सिद्ध झाले आणि परदेशांतील शास्त्रज्ञांनी त्यांचे अभिनंदन केले.

विज्ञान ही केवळ पाश्चात्त्यांची मिरास आहे, असे त्या काळी अनेकांस वाटे. प्राचीन भारतीयांना रसायनाचे ज्ञान होते काय, अशी पृच्छा बेर्थलो या थोर फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रफुल्लचंद्रांकडे केली. या पृच्छेने त्यांना नवी प्रेरणा मिळाली. वर्षानुवर्षे त्यांनी जुन्या संस्कृत पोथ्या मिळवून चाळल्या आणि हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. त्याचा पहिला खंड 1902 मध्ये व दुसरा 1909 मध्ये प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात सुश्रुतसंहितेतील क्षारांच्या प्रकरणाची सविस्तर माहिती आली आहे. सुश्रुताच्या काळी क्षार हा शब्द आज आपण ज्याला आम्लारी म्हणतो, त्या अर्थाने वापरीत. झाडे जाळून त्यांची राख करावी, ती पाण्यात कालवून गाळावी व पाणी उकळावे. त्यात भाजलेल्या चुन्याचा अंश मिसळला, म्हणजे क्षार अधिक तीव्र होतो, अशी कृती तेथे दिली आहे. हा तीव्र क्षार लोखंडी भांड्यात तोंड बंद करून ठेवावा, असेही सांगितले आहे. जुने शल्यवैद्य रोगट मांस जाळून टाकण्यासाठी तो वापरीत. आणि नंतर होणारी आग शमवण्यासाठी त्या जागी कांजीसारखे आंबट द्रव्य लावीत. आंबट पदार्थाशी मिळाला, की क्षार आपला तीव्रपणा टाकतो, हे सुश्रुताने स्पष्टपणे नोंदवले आहे. आज आपण ज्याला उदासिनीकरण म्हणतो, त्याचा अनुभव आपल्या पूर्वजांनी असा रुग्णसेवेत उपयोगी आणला होता. मात्र जुन्या वैभवाचे नुसते गोडवे गाऊन प्रफुल्लचंद्र थांबले नाहीत. पुढच्या काळात हाताने काम करणारे व विचार करणारे असे समाजाचे दोन तट पडले, म्हणून विज्ञान येथे खुंटले, असे परखड मतही त्यांनी त्या ग्रंथात मांडले.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा व प्रफुल्लचंद्रांचा निकट स्नेह होता. कलकत्त्यास असले, म्हणजे गोखले त्यांच्या शेजारीच राहत. 1902 च्या प्रारंभी दक्षिण आफ्रिकेतून आलेले तरुण मोहनदास गांधी गोखल्यांकडे उतरले होते. गोखल्यांनी त्यांची प्रफुल्लचंद्रांशी ओळख करून दिली. दरमहा 800 रुपये मिळवणारा हा प्राध्यापक स्वतःसाठी केवळ 40 रुपये ठेवून उरलेली रक्कम लोककार्याला देतो, हे ऐकून गांधीजी थक्क झाले. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची गाऱ्हाणी कलकत्त्याच्या नागरिकांस कळावीत, म्हणून त्याच महिन्यात अल्बर्ट हॉलमध्ये गांधीजींची सभा भरवण्यात प्रफुल्लचंद्रांनीच पुढाकार घेतला.

1916 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त होऊन ते कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस, ज्ञानचंद्र घोष, नीलरतन धर असे नामांकित शास्त्रज्ञ त्यांच्या विद्यार्थिवर्गातून पुढे आले. 1920 मध्ये नागपूर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष होते, आणि 1924 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय रसायन परिषदेचे तर ते पहिलेच अध्यक्ष. सरकारने 1919 मध्ये त्यांना सर ही पदवी दिली; पण लोक त्यांना आचार्य म्हणत, आणि तीच त्यांची खरी पदवी होती.

1922 मध्ये उत्तर बंगालमध्ये भयंकर महापूर आला. हजारो कुटुंबे उघड्यावर पडली. त्या वेळी साठी उलटलेले आचार्य प्रयोगशाळेबाहेर पडले. त्यांनी मदत समिती उभी केली, लोकांना हाक दिली, आणि पाहता पाहता विज्ञान महाविद्यालयाच्या इमारतीत धान्य व कपडे यांचे ढीग लागले. तरुण स्वयंसेवक ती मदत घेऊन गावोगाव गेले.

वयाची 60 वर्षे पूर्ण झाल्यावर, म्हणजे 1921 पासून, विद्यापीठाकडून मिळणारे आपले सर्व वेतन त्यांनी रसायन विभागाच्या उन्नतीसाठी विद्यापीठालाच अर्पण केले. 1922 मध्ये 10,000 रुपयांची देणगी देऊन प्राचीन रसायनज्ञ नागार्जुन याच्या नावाने त्यांनी रसायनशास्त्राचे पारितोषिक सुरू केले. त्यांनी विवाह केला नाही. विज्ञान महाविद्यालयातील एक खोली हेच त्यांचे घर झाले. अंगावर खादीचे जाडेभरडे कपडे, एक साधी खाट, थोडेसे अन्न आणि पुष्कळशी पुस्तके एवढाच त्यांचा संसार होता. काही गरीब विद्यार्थी त्यांच्यापाशीच राहत. त्याच खोलीत 16 जून 1944 रोजी या थोर आचार्यांनी आपली जीवनयात्रा संपवली. 2011 मध्ये, त्यांच्या जन्मास दीडशे वर्षे झाली तेव्हा, इंग्लंडच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या संस्थेने कलकत्त्यात स्मृतिफलक बसवून त्यांचा गौरव केला. युरोपबाहेर असा मान मिळवणारे ते पहिलेच रसायनशास्त्रज्ञ होत.

मुलांनो, आम्लात आम्लारी मिसळली असता क्षार व पाणी होते, हे वाक्य पाठ करणे सोपे आहे. प्रफुल्लचंद्रांनी ते पाठ करून सोडून दिले नाही. लिंबे आणि सज्जीमाती यांनी निराशा केली, तेव्हा त्यांनी हाडे उचलली. पावसाने हाडे कुजवली, तेव्हा त्यांची राख केली. आणि त्या राखेतून रोग्यांसाठी औषध व तरुणांसाठी उद्योग निर्माण केला. हजारो लोकांच्या चुलीवर त्यामुळे अन्न शिजले. शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही निळा लिटमस आम्लात बुडवून तांबडा कराल, किंवा आम्लात चुन्याची निवळी थेंबथेंब घालून पाहाल, त्या वेळी या आचार्यांचे स्मरण करा. हातातल्या ज्ञानाचा उपयोग कोणाला होईल, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला होता. तो तुम्हीही स्वतःला विचारून पाहा.